वाळत घातलेल्या लाल चादरीबाबत

प्रति,
मा. बंदर अधिकारी,
धोकादायक माल नियंत्रण शाखा,
बंदर कार्यालय, पहिला मजला, घड्याळाखालची खोली.

विषय : आमच्या जहाजावर नसलेला धोकादायक माल मर्यादेपेक्षा जास्त असल्याची नोंद रद्द करून जहाज आतल्या धक्क्यावर परत घेण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे उत्तर, ज्यात 'अर्ज मिळाला' एवढेच लिहिलेले आहे.
३) एक चादर.

महोदय,

मी, खाली सही करणारा, बंदराबाहेर नांगरून ठेवलेल्या मालवाहू जहाजावरचा आचारी, आपल्या सेवेत पुन्हा एकदा हजर होत आहे. आधीचे अर्ज मी थोडक्यात लिहिले, कारण मोठ्या साहेबांना वेळ नसतो असे मला सांगण्यात आले होते. थोडक्यात लिहून काही झाले नाही. म्हणून या वेळी सगळे पहिल्यापासून लिहितो.

१. प्रथम, हा अर्ज कप्तानाने न करता आचाऱ्याने का करावा, याचा खुलासा. कप्तानसाहेबांनी अर्ज केले होते. त्यावर 'कप्तान हा सदर मालाशी हितसंबंध असलेला पक्ष असल्याने त्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही' असे उत्तर आले. तेव्हापासून कोणी कागद काढला की कप्तानसाहेब उठून डेकच्या दुसऱ्या टोकाला जातात. "चादर तुझी, अर्जही तूच कर," असे ते मला म्हणाले. यात त्यांची चूक नाही. चादर माझीच आहे.

२. सदर चादर माझ्या पत्नीने आठवडी बाजारातून घेतली. रंग लाल. लालच का, तर "तुमच्या हातांचे डाग दुसऱ्या कुठल्या रंगात लपायचे नाहीत," असे ती म्हणाली. किनारीला पांढरी फुले आहेत. जहाज आतल्या धक्क्याला लागले त्या दिवशी ऊन बरे होते, म्हणून मी ती धुतली. आमच्यासारख्या लहान जहाजांवर अशी पद्धत आहे की बंदरात दोर बांधून झाले, की झेंडे चढवायच्या दोरीवर कपडे वाळत घालतात. मोठ्या जहाजांवर कपडे वाळवायची यंत्रे असतात. आमच्याकडे दोरी आहे आणि वारा आहे. याच बंदरात, याच दोरीवर, कप्तानसाहेबांचे लेंगे वर्षानुवर्षे वाळले आहेत आणि त्याबद्दल आपल्या कार्यालयाने कधी ब्र काढला नाही. त्या दिवशी खालची सगळी जागा इंजिनवाल्यांच्या कपड्यांनी अडवली होती, म्हणून चादर वर चढवावी लागली.

३. मर्यादेपेक्षा जास्त धोकादायक माल असलेल्या जहाजाने डोलकाठीवर लाल झेंडा चढवावा आणि असे जहाज आतल्या धक्क्यावर उभे करू नये, हा आपला नियम मला मान्य आहे. नियम चांगलाच आहे. आपले निरीक्षकसाहेब मनोऱ्यावरून दुर्बीण लावून झेंडे टिपतात, तेही योग्यच आहे. मी त्यांच्या नजरेला दोष देत नाही. पण साहेब, दुर्बीण हातात असताना किनारीची फुले दिसायला हरकत नव्हती. त्यांनी लाल पाहिले आणि टिपले. लगेच ओढबोट आली, दोर सुटले, आणि चादर वाळायच्या आत आम्ही बंदराबाहेर येऊन पडलो. आपल्या कार्यालयाचे एखादे काम इतक्या तातडीने झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि त्यानंतरही पाहिलेले नाही.

४. आमच्या जहाजावर हात धुवायची चिनी मातीची बेसिने आहेत. दुसरे काही नाही. बेसिन पेटत नाही, त्याला वास येत नाही, आणि ते पाण्यात पडले तर बुडते. असे असताना आमच्या नावावर किती माल लागला आहे, हे कळल्यावर मी डोक्याला हात लावला. आपल्या नियमात असे आहे म्हणे, की झेंडा वर आहे पण माल किती ते जाहीर केलेले नाही, अशा जहाजावर कमाल मर्यादेइतका माल आहे असे धरावे. बंदराबाहेर सगळ्या जहाजांचा मिळून जितका धोकादायक माल ठेवता येतो, तितका सगळा आपण आम्हा बेसिनवाल्यांच्या नावावर लावला आहे. आता बाहेर दुसऱ्या कोणाच्या एका पिंपालाही जागा उरलेली नाही. कृपया ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण ती पुढे येणार आहे.

५. चादर आम्ही केव्हाच उतरवली होती, पण एकदा बाहेर पाठवलेल्या जहाजाची नोंद झेंडा उतरवून जात नाही म्हणे. मग नोंद रद्द व्हावी म्हणून काय करावे, हे विचारायला कप्तानसाहेब स्वतः आपल्या कार्यालयात आले होते. खिडकीतल्या बाईंनी सांगितले, की धोकादायक माल निरीक्षकांसमोर उतरवा, उतरवल्याचा दाखला घ्या, नोंद आपोआप जाईल. कप्तानसाहेब म्हणाले, "बाई, मालच नाही तर उतरवू काय?" त्यावर बाई म्हणाल्या, "नाही म्हणजे काय? इथं नोंद आहे ना!" तेव्हा मी असा अर्ज केला, की आम्हांला बाजारातून थिनरचे एक पिंप विकत आणून जहाजावर चढवण्याची परवानगी द्यावी, म्हणजे ते आम्ही रीतसर उतरवू आणि दाखला घेऊ. हा अर्ज मी चिडून केला होता, थट्टेने नव्हे. परवानगी नाकारण्यात आली. कारण असे दिले, की बाहेरची मर्यादा आमच्याच मालाने भरलेली असल्याने आम्हांला आणखी माल चढवता येणार नाही. हे उत्तर मी जपून ठेवले आहे. कधी कधी काढून वाचतो.

६. लाल झेंड्याच्या जहाजावर विस्तव चालत नाही, म्हणून आपल्या माणसांनी येऊन माझ्या शेगडीला सील ठोकले. मी आचारी आहे, साहेब. सकाळी उठून मी भटारखान्यात जातो, भांडी घासलेलीच असतात ती परत घासतो, आणि बसतो. सगळे जण पाव, कांदा आणि डब्यातले गार मासे खात आहेत. सुरुवातीला खलाशी हसायचे. आता इंजिनवाला माझ्यासमोर पाव आपटून म्हणतो, "आज काय धुतलंस रे? उशीचा अभ्रा धुऊ नकोस, नाहीतर आपल्याला समुद्राच्या पलीकडं पाठवतील." मी ऐकून घेतो. त्याचे पोट बिघडले आहे.

७. कप्तानसाहेबांना आपल्या कार्यालयापुरती एकदा सूट मिळाली, ती सोडता आमच्यापैकी कोणालाही किनाऱ्यावर उतरता येत नाही. झेंड्याच्या जहाजावरून माणूस उतरायचा तर त्याच्या बदली धोकादायक मालाचे शिक्षण घेतलेला माणूस चढला पाहिजे, आणि तसा माणूस बेसिनांवर बसायला येत नाही. इथे माझी वैयक्तिक अडचण सांगतो. माझे घर इथून दिसते. आतल्या धक्क्याला लागून जी कामगार वसाहत आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याकडची खिडकी आमची. कप्तानसाहेब दुपारी झोपले की मी त्यांची दुर्बीण घेतो. पत्नी कपडे झटकताना दिसते. माझे वडील खिडकीत बसलेले दिसतात. ते याच धक्क्यावर माल उचलायची यारी चालवून निवृत्त झाले. आता दिवसभर खिडकीत बसून सिगारेट ओढायची आणि थोटूक न बघता खाली पाण्यात टाकायचे, हा त्यांचा उद्योग आहे. त्यावरून सासऱ्या-सुनेची रोज जुंपते. एरवी ते भांडण ऐकून माझे कान किटले होते. आता ते नुसते दिसते, ऐकू येत नाही, आणि मला फार वाईट वाटते.

तरी वरील सर्व बाबींचा सहानुभूतीने विचार होऊन आमची नोंद रद्द व्हावी, शेगडीचे सील काढावे आणि आम्हांला धक्क्यावर परत घ्यावे, ही विनंती.

(येथपर्यंत लिहून मी सही करणार होतो. अर्ज किनाऱ्यावर न्यायला पाण्याची होडी लागते आणि ती एक दिवसाआड येते. ती आली, आणि पाणीवाल्या मामांनी जी बातमी आणली त्यामुळे अर्ज पुढे चालू ठेवावा लागत आहे. कागद वेगळा आहे, त्याबद्दल माफी असावी.)

८. पाणीवाले मामा आम्हांला पाणी देतात तसे बंदरातल्या सगळ्या जहाजांना देतात. त्यांनी सांगितले, की एक मोठे हिरवे जहाज आले आहे. त्यावर थिनरची आणि स्पिरिटची पिंपे आहेत, डेकपर्यंत रचलेली. "जवळ गेलं तरी डोळे चुरचुरतात," असे मामा म्हणाले. त्या जहाजाने कायद्याप्रमाणे लाल झेंडा चढवला होता आणि बाहेर जागा मागितली होती. त्यांना सांगण्यात आले, की बाहेरची मर्यादा भरलेली आहे. कोणाच्या मालाने भरली आहे, हे मी परिच्छेद ४ मध्ये लिहिले आहे. मग त्यांना तात्पुरते आत घेण्यात आले. पण आतल्या धक्क्यावर लाल झेंड्याचे जहाज चालत नाही, म्हणून त्यांना झेंडा उतरवायला सांगण्यात आले. त्यांनी तो उतरवला. आपल्या दफ्तराप्रमाणे आता त्या जहाजावर धोका नाही.

९. ते कुठल्या धक्क्याला लागले, असे मी विचारले. मामा पाण्याची नळी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तुमच्याच जागेवर लावलंय. तुमच्या खिडकीखाली." मी दुर्बीण घेतली. कप्तानसाहेब जागे होते, त्यांनी ती मला घेऊ दिली. मधल्या गोदामामुळे जहाजाचा हिरवा शेंडा तेवढा दिसत होता. त्याच्या वर आमची खिडकी. खिडकीत बाबा.

१०. साहेब, मला भीती वाटली, आणि ती मी अर्जाच्या भाषेत लिहू शकत नाही. वसाहतीच्या तळमजल्यावर वेल्डिंगचे दुकान आहे. दिवसभर ठिणग्या रस्त्यावर येतात. घराघरात गॅस पेटतो. आणि माझे वडील सिगारेट न बघता खाली टाकतात. मी तिथे असतो तर त्यांच्या हातातून काडेपेटी ओढून घेतली असती, शिव्या खाल्ल्या असत्या, आणि बिऱ्हाड उचलून कुठेही गेलो असतो. पण मी इथे बेसिनांवर बसलो आहे.

११. कप्तानसाहेबांनी ताबडतोब वायरलेसवर आपल्या कार्यालयाशी संपर्क साधला. मी शेजारीच उभा होतो. उत्तर आले, की सदर हिरव्या जहाजावर झेंडा नसल्याने तक्रारीत तथ्य नाही, आणि ज्यांच्या स्वतःच्या नावावर बंदरातला सगळा धोकादायक माल आहे त्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. कप्तानसाहेबांनी मग असे सुचवले, की नोंदी आहेत तशाच राहू द्या, फक्त जहाजांची अदलाबदल करा. आम्ही आमच्या न जाहीर केलेल्या मालासह आत येतो, त्यांना बाहेर पाठवा. म्हणजे कागद आणि पिंपे एकदाची एका ठिकाणी येतील. त्यावर पलीकडचे गृहस्थ लेखी द्या म्हणाले. कप्तानसाहेबांनी यंत्र बंद केले. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

१२. मी मामांकरवी घरी निरोप पाठवला, की दोघांनी ताबडतोब मामेबहिणीकडे राहायला जावे. उलट निरोप आला तो मामांनी जसाच्या तसा सांगितला. पत्नीने विचारले आहे, "त्यांच्या बहिणीकडं एक खोली, आम्ही दोघं कुठं मावणार? आणि शेजारच्यांचं काय? वरच्या बाळंतिणीचं काय? एकट्यानं पळून जायचं का आम्ही?" बाबांचा निरोप असा, की "मी चाळीस वर्षं यारी चालवली, मला माल शिकवू नकोस." मामा सांगतात, की काही खलाशी त्या जहाजाच्या शिडीपाशी उभे राहून सिगारेट टाकू नका म्हणून बाबांकडे हातवारे करतात, आणि बाबा त्यांना हात करून उत्तर देतात. बाबांना वाटते, खलाशी नमस्कार करत आहेत.

१३. यानंतर मी जे केले ते कोणाला न विचारता केले, आणि त्याची जबाबदारी फक्त माझी आहे. मी चादर काढली. तिची फुलांची किनार भटारखान्यातल्या कात्रीने चारी बाजूंनी कापून टाकली, कारण निरीक्षकसाहेबांच्या मनात कुठे शंका राहायला नको. उरलेली चादर घडी करून मामांच्या हाती दिली आणि पत्नीला सांगायला लावले, की ही पाण्याकडच्या खिडकीबाहेर आडवी न टाकता उभी बांध, वाऱ्यावर हलली पाहिजे. मामा म्हणाले, "अहो, बंदर कार्यालयाला इतकंही कळत नाही का?" मी म्हटले, मामा, तुम्ही फक्त नेऊन द्या.

१४. पत्नीने चादर बांधली. बांधताना ती क्षणभर आमच्या दिशेला बघत उभी राहिली. तिला मी दिसलो नसणार. त्यापुढे जे घडले त्याबद्दल मी आपल्या कार्यालयाचे आभारच मानतो. निरीक्षकसाहेबांनी मनोऱ्यावरून दुर्बीण लावली, लाल पाहिले, आणि टिपले. लगोलग पहारेकरी आले. वेल्डिंगचे दुकान बंद केले. सगळ्या मजल्यांवरचे गॅस बंद करून सील केले. माझ्या वडिलांकडून सिगारेटी आणि काडेपेटी जप्त करून त्याची पावती दिली. बाबा इतके ओरडले, की मामांना होडीत ऐकू आले. संध्याकाळी वसाहतीच्या दारावर नोटीस लागली. ती अशी : 'जहाजाचे नाव : कामगार वसाहत, तिसरा मजला. माल जाहीर न केल्याने कमाल मर्यादा धरण्यात येत आहे. सदर जहाजाने स्वतःच्या इंजिनावर अथवा ओढबोटीच्या साहाय्याने बंदराबाहेर जावे. बाहेर जागा होईपर्यंत विस्तवास पूर्ण मनाई.' नक्कल सोबत जोडली आहे.

१५. साहेब, हे वाचून आमच्या जहाजावर सगळे पोट धरून हसले. इंजिनवालासुद्धा हसला. मी हसलो नाही. त्या रात्री पहिल्यांदा मला झोप लागली.

१६. आता माझी विनंती. वर परिच्छेद ७ च्या शेवटी जी विनंती केली आहे ती मी मागे घेत आहे. आमची नोंद राहू द्यावी. सील राहू द्यावे. आम्ही पाव खाऊ, त्याबद्दल यापुढे आपल्याकडे एक अक्षर लिहिणार नाही. फक्त वसाहतीवरची नोटीस रद्द करू नये. मामांकडून कळते, की वेल्डिंगवाल्याने आणि इतर काही रहिवाशांनी त्याविरुद्ध आपल्याकडे अर्ज केले आहेत, की इमारत म्हणजे जहाज नव्हे, खिडकीतली चादर म्हणजे झेंडा नव्हे, आणि पोरांना गरम जेवण मिळत नाही. त्यांचे सगळे म्हणणे खरे आहे. पण खिडकीखाली काय उभे आहे ते त्यांना सांगितले तरी पटत नाही, कारण त्यावर झेंडा नाही. तेव्हा हात जोडून सांगतो, त्यांचे अर्ज आमच्या अर्जांसारखेच ठेवावेत. त्यांना 'अर्ज मिळाला' असे कळवावे. चौकशीसाठी कोणी समजूतदार अधिकारी नेमू नये.

१७. आणि हे लवकर करावे लागेल, म्हणून हा अर्ज तातडीचा समजावा. आठवडी बाजारातली चादर आहे. रंग पक्का नाही. पाण्याकडची खिडकी असल्याने तिच्यावर दिवसभर ऊन असते. काल दुर्बिणीतून पाहिले तेव्हा ती वरच्या बाजूला विटलेली दिसली. आज निम्म्यापर्यंत गुलाबी झाली आहे. आपल्या नियमात गुलाबी रंगाला काही अर्थ नाही, हे मला ठाऊक आहे. ज्या दिवशी निरीक्षकसाहेबांना ती नुसती चादर दिसेल, त्या दिवशी वेल्डिंगचे दुकान उघडेल आणि बाबांना काडेपेटी परत मिळेल. पत्नीला मी कळवले आहे, की ती उन्हाची आत घ्यायची नाही आणि पावसाचीही नाही. तिने विचारले आहे, की किती दिवस. तिला काय कळवू, हे कृपया सांगावे.

तरी चादर पुरती विटायच्या आत ते हिरवे जहाज तिथून हलवावे.

आपला नम्र, आणि बेसिनांखेरीज काहीही न बाळगणारा,

(सही)
आचारी

ठिकाण : बंदराबाहेर
दिनांक : पाण्याची होडी येईल तो

सोबत :
१) जहाजावरील बेसिनांची यादी, पुन्हा एकदा.
२) वसाहतीस मिळालेल्या नोटिशीची नक्कल.
३) वडिलांच्या जप्त केलेल्या काडेपेटीची पावती. ती परत मागण्यासाठी जोडलेली नाही.
४) चादरीची कापलेली किनार, फुलांसह. मूळ रंग कोणता होता ते कळावे म्हणून.